अंबोसेलीला निघालीस, तर ऐक

सायली, तुझं वेळापत्रक पाहिलं. आठ दिवसांत नैरोबी, नाकुरू, नैवाशा, मसाई मारा, अंबोसेली आणि पुन्हा नैरोबी. अगं, ही सफारी आहे की अष्टविनायक? उतरा, नमस्कार करा, प्रसाद घ्या, चला, पुढच्या गणपतीला उशीर होतोय. टूरवाल्याचं काय जातंय! नकाशावर ठिपके जास्त दिसले की गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. नुसतं मारापासून अंबोसेलीपर्यंत यायला रस्त्याने अख्खा दिवस जातो, तोही ट्रकच्या मागे धूर खात. तुमच्या आठातले निम्मे दिवस असेच जातील.

तुझ्या उत्साहावर पाणी ओतायचं नाहीये मला. पण आम्ही नैरोबीत राहायचो तेव्हा घरी येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांचं हेच व्हायचं. परत जायच्या आदल्या रात्री जेवताना फोनमधले फोटो दाखवायला घ्यायचे, आणि हा सिंह नाकुरूचा की मारातला यावरून नवरा-बायकोत वाद. पाहिलं सगळं, पण मनात काही राहिलं नाही. म्हणून सांगते, एकच जागा निवड आणि तिथे मुक्काम ठोक.

कोणती, तर अंबोसेली. आता तू म्हणशील, ताई, सगळे तर माराला जातात. जाऊ देत. तुम्ही चौघं, म्हणजे तू, अभिजित, चिनू आणि सासूबाई, जाणार दिवाळीच्या सुट्टीत, कारण चिनूची शाळा. वाइल्डबीस्टचे ते लाखोंचे कळप नदीत उड्या घेतात, ते साधारण जुलै ते ऑक्टोबर. नोव्हेंबर उजाडेपर्यंत बहुतेक कळप पावसाच्या वासाने दक्षिणेला, सेरेंगेटीकडे, म्हणजे टांझानियात निघून गेलेले असतात. त्यांना तुझ्या व्हिसाचं काय पडलंय! मारात सिंह, चित्ते बारा महिने असतात, नाही असं नाही. पण टीव्हीवर पाहिलेली नदी डोळ्यांसमोर ठेवून जाशील आणि हात हलवत परत येशील. त्यात २०२४ पासून माराची प्रवेश फी जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी पाहुण्याला माणशी, दिवसाला २०० डॉलर झाली आहे. तो हिशोब अभिजितला करू दे.

अंबोसेलीचे हत्ती मात्र बारमाही. त्याचं कारण मोठं मजेशीर आहे. पार्क तसं लहानच, ३९२ चौरस किलोमीटर. पाऊस बेताचा, मधोमध एक कोरडं पडलेलं तळं, सगळीकडे पांढरट धूळ. आणि त्याच धुळीत हिरवीगार दलदल! पाणी येतं किलिमांजारोवरून. डोंगर सीमेपलीकडे टांझानियात, पण त्याच्या उतारांवर पडलेला पाऊस ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकातून जमिनीखाली मुरत मुरत येतो आणि अंबोसेलीत झऱ्यांनी वर येतो. आजूबाजूला दुष्काळ असला तरी ही दलदल बहुधा आटत नाही. म्हणून हत्ती इथे येत राहतात.

आता डोंगराबद्दल. ५,८९५ मीटर उंच, डोक्यावर बर्फ, खाली हत्ती, हा फोटो अभिजितला हवाच असणार. तो मिळतो सूर्य उगवल्यापासून तासा-दीड तासात, किंवा संध्याकाळी नशीब असेल तर. एरवी दिवसभर ढग. नोव्हेंबरमध्ये तिथला छोटा पावसाळा सुरू होतो, त्यामुळे एकदाही दर्शन झालं नाही असंही होऊ शकतं. तीन रात्री राहिलात तर तीन सकाळी मिळतील, एक रात्र राहिलात तर एक. म्हणून तर म्हणते, मुक्काम वाढव.

तुम्ही ताडोबाला जाऊन आलात ना, तिथली सवय इथे विसर. ताडोबात चितळाचा कॉल ऐकायचा, श्वास रोखायचा, बांबूत काही हलतंय का बघायचं. अंबोसेलीत झाडी नाहीच म्हणायला हरकत नाही. सगळं समोर उघडं. पहिल्या तासाभरात झेब्रे, जिराफ, रानम्हशी, पाणघोडे, सगळं दिसून जातं आणि दुपारी चिनू विचारतो, “आता काय?” इतकं दिसतं की कशाकडेच धड बघितलं जात नाही. त्यावर एकच उपाय, हत्तींचं एक कुटुंब धर आणि त्याच्यापाशी थांब. दहा मिनिटं नाही, तास-दोन तास.

कसं बघायचं ते सांगते. हत्ती रात्री बरेचदा पार्कच्या बाहेर झुडपांत चरतात आणि सकाळी रांगेने दलदलीकडे येतात. साधारण आठ-नऊच्या सुमाराला लांबून धुळीचे लोट दिसायला लागतात. ड्रायव्हरला सांग, त्यांच्या मागे लागू नको, त्यांच्या वाटेच्या बाजूला आधीच जाऊन उभा राहा आणि इंजिन बंद कर. मग ते आपणहून जवळून जातात. सगळ्यांत मोठी, सगळ्यांत म्हातारी बाई शोध. हत्तींत कुटुंब बायकांचं असतं. आजी, तिच्या लेकी, नाती, पोरं. मुलगे वयात आले की बाहेर पडतात. आजी थांबली की सगळे थांबतात. तिला निघायचं असेल तेव्हा ती कळपाच्या कडेला जाऊन जिकडे जायचं तिकडे तोंड करून उभी राहते, कान हलवते आणि पोटातून एक घुमणारा आवाज काढते. बाकीचे लगेच निघतातच असं नाही. कोणी अजून गवत उपटत असते, कोणाचं बाळ पीत असतं. ती थांबते. पुन्हा आवाज. आपल्या घरी लग्नाला निघताना होतं ना, तस्संच! त्या आवाजाचा बराचसा भाग माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही, पण इंजिन बंद असेल तर उरलेला येतो.

दलदलीत शिरल्यावर तर बघतच राहशील. पोटापर्यंत बुडालेले असतात. बाहेर आले की खालचा अर्धा काळाकुळकुळीत ओला आणि वरचा अर्धा धुळीने राखाडी, मध्ये पट्टी लावून आखल्यासारखी रेघ. पाठीवर गायबगळे. बाळ असेल तर त्याच्या सोंडेकडे बघ. पहिले काही महिने त्याला सोंडेचं काय करायचं तेच कळत नाही. पाणी प्यायला थेट तोंड लावतं. सोंड हलवून बघतं, मध्येच तिच्यावरच पाय देतं. आणि त्याच्यामागे आईखेरीज एखादी अर्धवट वयाची बहीण किंवा मावशी असतेच, ते चिखलात रुतलं की धावणारी.

या हत्तींचा अभ्यास सिंथिया मॉस या बाईंनी १९७२ मध्ये सुरू केला आणि तो अजून चालू आहे. कानाच्या कडांच्या फाटक्या खुणांवरून एकेक हत्ती ओळखायचा, कुटुंबाला इंग्रजी अक्षरं द्यायची, त्या अक्षरावरून नावं ठेवायची. त्यातली एको नावाची आजी जगभर गाजली, २००९ मध्ये वारली. १९९० मध्ये तिला एली नावाचा मुलगा झाला, तो पुढचे पाय दुमडलेलाच जन्मला. उभा राहता येईना, दूध पिता येईना. एको हलली नाही. आणि तिच्याबरोबर तिची मुलगी एनिडही थांबली. पाणी, चारा दूर, उन्हाचा तडाखा, तरी दोघी त्याच्यापाशी. तो गुडघ्यांवर सरकत राहिला आणि दोन-तीन दिवसांत त्याचे पाय सरळ झाले. हे सगळं कॅमेऱ्यात टिपलेलं आहे. चिनूला जायच्या आधी दाखव. त्याला एक वही दे आणि सांग, रोज तीन हत्तींचे कान काढायचे, खाचांसकट. मग बघ तो “आता काय” विचारतो का.

आणखी एक गोष्ट सांगते, मला स्वतःला फार आवडते. संशोधकांनी तिथे हत्तींना माणसांचे आवाज ऐकवले. वाक्य एकच, ‘ते बघा, हत्ती येताहेत’ अशा अर्थाचं, पण बोलणारे वेगळे. मसाई पुरुषांचा आवाज आला की आजी सगळ्यांना गोळा करून मागे हटायची. कांबा जमातीच्या पुरुषांना हत्तिणी तेवढं घाबरत नव्हत्या. मसाई बायकांच्या आणि मुलांच्या आवाजालाही नाही. मसाई पुरुषांशी पाण्यावरून, चाऱ्यावरून त्यांचे खटके उडतात, क्वचित भालेही चालतात. बायका कधी भाला उचलत नाहीत. म्हणजे भाषा, बाई-पुरुष, वय, सगळं त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं! तेव्हा गाडीत हळू बोला गं. पार्कच्या कडेने शेती वाढतेय, कुंपणं वाढताहेत, हत्तींचा निम्मा संसार पार्कबाहेर आहे, हेही चिनूला सांग. सगळं गोग्गोड नाहीये.

आता बायकांच्या चार गोष्टी, ज्या तुला कुठलाही टूरवाला सांगणार नाही.

पार्कात गाडीतून उतरायचं नसतं. सोय गेटवर किंवा लॉजवर, मधले तीन-चार तास काही नाही. मग आपण काय करतो? पाणीच पीत नाही. पुरुष मजेत बाटल्या रिकाम्या करतात, आपण ओठ ओले करून बसतो, आणि तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ. जंगलात डॉक्टर कुठे शोधणार? त्यापेक्षा पहिल्याच सकाळी ड्रायव्हरला सरळ सांग, की आम्हा दोघींना थांबावं लागेल. त्यांना सवय असते, ते चारी बाजू बघून सुरक्षित जागी गाडी आडवी लावतात. लाजू नको. आणि सासूबाईंच्या वतीनेही तूच सांग, त्या स्वतः कधी सांगणार नाहीत. पाळीची तारीख येत असेल तर पॅड घरूनच ने, वापरलेले लॉजवर परत आणायला जाड कागदी पिशव्या ठेव. स्पोर्ट्स ब्रा घाल. रस्ते असे आहेत की ड्रायव्हर त्याला ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात आणि रोज नव्याने हसतात. कॉन्टॅक्ट लेन्स लावू नको, ती धूळ राखेसारखी बारीक असते. साधी सुती ओढणी हवीच.

दुर्बीण तुझी वेगळी घे. हे नीट ऐक. एक दुर्बीण चौघांत असली की ती कुणाच्या हातात असते, मला माहीत आहे. तुझ्या हातात येईपर्यंत चित्ता गवतात बसलेला असतो. आठ बाय बेचाळीसची घे, हात थोडा थरथरला तरी चित्र फार हलत नाही. अभिजितला कॅमेऱ्यात डोकं घालून बसू दे.

प्लास्टिकचं लक्षात ठेव. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि २०२० पासून पार्कात एकदा वापरून टाकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. तुझा चिवडा-चकली डब्यात भर. स्टीलच्या बाटल्या घे. चिनूसाठी ती लष्करी छापाची पँट घेतली असशील तर घरीच ठेव, तिथे साध्या नागरिकाने तो छाप घालायला मनाई आहे. आणि स्वेटर! आफ्रिका म्हणजे उकाडा असं डोक्यात बसलंय आपल्या. नैरोबीच सतराशे मीटरच्या वर आहे, आणि पहाटे उघड्या टपाच्या गाडीत उभं राहिलं की दात वाजतात.

सासूबाईंची काळजी करू नकोस. जेवणाचे हाल होत नाहीत. तिथे पिढ्यान् पिढ्या राहिलेले गुजराती आहेत, त्यामुळे लॉजच्या आचाऱ्यांना डाळ-भात येतो, चपाती तर त्यांचीच झालीये, आणि कांदा-टोमॅटोची कचुंबर प्रत्येक जेवणात. सोमवार सोडून त्यांना मासे लागतात ना, तर तिलापिया मिळतो. नारळाशिवाय, तेवढं सोसावं लागेल. लँड क्रूझरची पायरी मात्र उंच असते, गुडघे धरतील. बुकिंग करतानाच लहान स्टूल ठेवायला सांग. त्या मडगावच्या, म्हणून त्यांना नैरोबीत डॉक्टर रिबेरोंची गोष्ट सांग. रोझेंडो आयरिस रिबेरो, मूळचे गोव्याचे. नैरोबी नुसतं रेल्वेचं ठाणं होतं, तेव्हा १९०० मध्ये तिथे आले आणि रोगी बघायला चक्क झेब्र्यावर बसून जायचे! १९०२ मध्ये प्लेग त्यांनी ओळखला आणि सरकारने अख्खा बाजार जाळून टाकला. झेब्र्यावरचा त्यांचा फोटो आहे. सासूबाई सगळ्या मडगावभर सांगत सुटतील बघ.

पाच रात्री असतील आणि एकच जागा कमी वाटली, तर तीन अंबोसेलीत आणि दोन शेजारच्या त्सावो वेस्टमध्ये काढ. लाल माती, लाव्हाचे काळे दगड, म्झिमाच्या झऱ्यांत पाणघोडे. १८९८ मध्ये रेल्वेचा पूल बांधताना आपल्याकडून नेलेल्या मजुरांना तंबूतून ओढून नेणारे ते दोन बिनआयाळीचे सिंह याच त्सावोचे. पॅटरसन नावाच्या इंजिनिअरने ते मारले, आता पेंढा भरून शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये ठेवलेत. किती माणसं खाल्ली यावर अजून वाद चालू आहे. पॅटरसनचं नाव सगळ्यांना ठाऊक, तंबूतल्यांची नावं कोणाला?

गाडीपेक्षा ड्रायव्हर निवड. केनियात गाइड लोकांच्या संघटनेच्या परीक्षा असतात, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. विचारायचं, आमच्या गाइडकडे काय आहे? सिल्व्हर असला तर फारच छान. आणि तो बिचारा रेडिओवर ‘बिबट्या दिसला’ ऐकून गाडी पळवायला लागतो, कारण पाहुणे तेच मागतात आणि टीप त्यावरच ठरते. पहिल्या सकाळी चहा पिताना त्याला सांगून टाक की आम्हाला पळापळ नको, टीप कमी होणार नाही. त्याचा चेहरा कसा खुलतो बघ. मग तो तुला त्याचे आवडते पक्षी दाखवेल.

मसाई वस्तीत नेऊ का, असं विचारतील. पैसे आधी ठरवून घ्या. मला स्वतःला तो उड्यांचा नाच बघताना अवघडायला होतं. पाहुण्यांसाठी रोज तेच, त्यांनाही कंटाळा येत असेल. पण घरं बायका बांधतात, शेण-मातीने लिंपून, आणि ते बघण्यासारखं असतं. मण्यांच्या माळा घ्यायच्या तर थेट करणारीच्या हातात पैसे दे. विचारल्याशिवाय फोटो काढू नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०२४ पासून व्हिसा नाही, आधी ऑनलाइन ईटीए काढावा लागतो. डॉलरच्या जुन्यापान्या नोटा नेऊ नको, घेत नाहीत. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, आणि परत आल्यावरही सांगितलेले दिवस पुऱ्या कर, मध्येच सोडू नको.

खरी मेख आहे ती पीतज्वराच्या लशीची. केनियातून परत येताना आपलंच सरकार ते पिवळं कार्ड मागतं. नसेल तर उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ती लागू होते, आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. पण सासूबाई साठीच्या पुढच्या आहेत. त्या वयात पहिल्यांदा ही लस देताना डॉक्टर दहादा विचार करतात. अंड्याची ॲलर्जी असली तरी तेच. त्यांना नको म्हणाले, तर सासूबाईंना न्यायचं की नाही हा प्रश्न तुझ्या गळ्यात पडेल, आणि तिकिटं काढल्यावर पडला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. म्हणून आधी त्यांना त्यांच्या डॉक्टरकडे ने. हो म्हणाले की सरकारमान्य केंद्रात चौघांची वेळ एकदमच घे. कुठल्याही दवाखान्यात ही लस मिळत नाही, आणि केंद्रातही ठरलेल्या वारीच देतात. पासपोर्ट बरोबर लागतो. सासूबाईंना नाही म्हणाले, तर ते अभिजितला सांगू दे त्यांना, तू नको.